भांडे एक, नावे अनेक
(व्यापार, बोली आणि शिक्षण यांनी माणसे कशी जोडली आणि कशी तोडली याचा थोडा इतिहास)



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा आग्रह कार्यकर्त्यांनी धरला. मी काही प्राध्यापक नाही. गिरणीत साच्यावर उभा राहिलेला माणूस आहे. जे वाचले ते रातपाळी सुटल्यावर, वाचनालयात बसून वाचले. तरीपण कामगार माणसाला एक गोष्ट पुस्तकाबाहेर कळते. वेगवेगळ्या मुलखातली, वेगळ्या भाषेची, वेगळ्या जातीधर्माची माणसे एका छपराखाली कामाला आली की काय होते, हे तो रोज बघतो. कधी त्यांची एकजूट होते, तर कधी मधे भिंत उभी राहते. ही भिंत भाषेची असते, खाण्यापिण्याची असते आणि आपल्या देशात तर सर्वात जास्त विटाळाची असते. या भेदांचा धंद्यावर, बोलण्याचालण्यावर आणि शिकण्यावर काय परिणाम झाला, हे दोन काळांतल्या उदाहरणांवरून मांडण्याचा प्रयत्न मी या लेखात करीत आहे. एक काळ आपल्या लेण्यांचा आणि दुसरा मुंबईच्या गिरण्यांचा. दोन्ही ठिकाणी कापड विणणारी माणसे आहेत, म्हणून मला ही तुलना करावीशी वाटली.

पहिले उपासक व्यापारी होते

बोधी प्राप्त झाल्यानंतर भगवान बुद्धांना पहिले अन्नदान कोणी केले? विनयपिटकातील महावग्गात उत्तर आहे. तपस्सू आणि भल्लिक नावाचे दोन व्यापारी उक्कल देशाकडून तांड्यासह चालले होते. त्यांनी दान दिले आणि ते बुद्धाला व धम्माला शरण गेले. संघ तेव्हा स्थापनच झाला नव्हता, म्हणून त्यांची शरणे दोनच. पुढे श्रावस्तीचा श्रेष्ठी अनाथपिंडिक याने जेतवन विहार उभारून दिला, हे आपल्याला ठाऊकच आहे.

आता व्यापारी लोक या धम्माकडे का वळले असतील, याचा विचार करा. व्यापाऱ्याला दहा गावे फिरावी लागतात. आज या गावी जेवायचे, उद्या त्या गावी झोपायचे. कोणाच्या हातचे खावे, कोणाची सावली टाळावी, कोणते पाणी चालते आणि कोणते चालत नाही, असले नियम सांभाळत बसला तर त्याचा धंदा बसलाच म्हणून समजा. पुढे तर ब्राह्मणी शास्त्रांनी समुद्र ओलांडण्यालाच दोष दिला. उलट बुद्धाने माणसाची परीक्षा जन्मावरून न करता कर्मावरून करायला सांगितले. परक्या मुलखात परक्या माणसाशी व्यवहार करणाऱ्याला असा विचार जवळचा वाटणे साहजिक होते. धम्म व्यापारी वाटांनी पसरला, त्यामागे हेही एक कारण आहे.

भांडे एक, नावे अनेक

बोलीच्या बाबतीत बुद्धांची दृष्टी काय होती, ते दोन ठिकाणी फार स्पष्ट दिसते.

पहिले ठिकाण चुल्लवग्ग. जन्माने ब्राह्मण असलेले आणि चांगली वाणी असलेले दोन भाऊ भिक्खू झाले होते. त्यांची तक्रार अशी की, नाना गोत्रांचे, नाना कुळांचे भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवतात. तेव्हा आपण ते छंदात, म्हणजे वेदासारख्या भाषेत बांधून ठेवू. बुद्धांनी त्यांना चक्क दोष दिला आणि 'सकाय निरुत्तिया' म्हणजे स्वतःच्या बोलीत शिकण्याची परवानगी दिली. पुढे आचार्य बुद्धघोषांनी या शब्दांचा अर्थ 'बुद्धांची स्वतःची मागधी' असा लावला. परंतु अनेक अभ्यासक त्याचा अर्थ शिकणाऱ्याची स्वतःची बोली असाच घेतात, आणि प्रसंग पाहता मलाही तोच पटतो.

दुसरे ठिकाण मज्झिम निकायातले अरणविभंग सुत्त. त्यात एका साध्या भांड्याचे उदाहरण आहे. एकाच भांड्याला एका जनपदात 'पाति' म्हणतात, दुसऱ्यात 'पत्त', तिसऱ्यात 'सराव', आणखी कुठे 'पोण'. आता एखादा माणूस 'आमचाच शब्द खरा, बाकीचे खोटे' असे धरून बसला तर भांडण होणारच. शहाण्याने समोरची माणसे ज्या नावाने ते भांडे ओळखतात ते नाव समजून घ्यावे, असा त्याचा भावार्थ.

हे वाचले तेव्हा मला आमची चाळच आठवली. कोकणातली बाई म्हणते टोप, साताऱ्याकडची म्हणते पातेलं, मराठवाड्यातली म्हणते भगुनं, आणि विदर्भातून आलेली सून म्हणते गंज. नळावर यावरून हसणे-खिदळणे चालायचे. हसण्यापुरते असेल तर ठीक. पण 'तुमची भाषा गावंढळ' असे एकदा कोणी म्हटले, की ती बाई महिला मंडळाच्या सभेत तोंड उघडत नाही, आणि तिचे पोर शाळेत हात वर करीत नाही. बोलीची लाज वाटायला लागली की शिकणेच बंद पडते. अडीच हजार वर्षांपूर्वी बुद्धांनी ही गोष्ट ओळखली होती.

सम्राट अशोकाने हेच राज्यकारभारात आणले. त्याचे शिलालेख आपल्या सोपाऱ्यात प्राकृतात व ब्राह्मी लिपीत आहेत. तिथला आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला आणि नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली मिळाला. वायव्येला शाहबाझगढी, मानसेहरा येथे तेच विचार खरोष्ठी लिपीत आहेत. आणि अफगाणिस्तानात कंदाहारला तर १९५८ साली एक लेख सापडला, तो ग्रीक आणि अरमाईक अशा दोन परक्या भाषांत आहे. त्यात 'धम्म' या शब्दासाठी ग्रीकांना कळेल असा त्यांचाच 'युसेबिया' हा शब्द वापरला आहे. राजा सर्वशक्तिमान होता. माझीच भाषा शिका, असा हुकूम तो काढू शकत होता. तसे न करता ज्याला सांगायचे त्याच्या भाषेत त्याने सांगितले.

लेण्यांवर कोणाची नावे आहेत?

आपण सहलीला कार्ले, जुन्नर, नाशिक, कान्हेरीला जातो, फोटो काढतो आणि परत येतो. भिंतीवरची अक्षरे कोणी वाचीत नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली म्हणून आज ती वाचता येतात. त्यात राजांची नावे थोडी, कष्टकरी आणि धंदेवाल्यांची जास्त आहेत.

कार्ल्याचे चैत्यगृह वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पूर्ण केले. तिथे धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाने, म्हणजे अत्तरे-सुगंधी विकणाऱ्याने, दाराचे दान दिले आहे. सामी नावाच्या सुताराचे नाव दारावर कोरलेले आहे. खांबांवर अनेक यवनांची नावे आहेत. यवन म्हणजे मूळचे ग्रीक किंवा त्या बाजूचे लोक. कान्हेरीला कल्याण आणि सोपारा या बंदरांतले व्यापारी व कारागीर देणगीदार आहेत. महावंस ग्रंथ तर सांगतो, की अपरान्तात म्हणजे आपल्या कोकणपट्टीत धम्म सांगायला जो थेर पाठवला तोच मुळी योनक धम्मरक्खित, म्हणजे एक यवन होता!

जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिली. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप दिला. नाशिकला त्रिरश्मी डोंगरावर (ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात, पांडवांचा त्याच्याशी काही संबंध नाही) उत्तरेकडच्या दत्तामित्री नगरातून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाने लेणे कोरले आणि पाण्याची टाकी दिली, आईवडिलांच्या नावाने. त्याच डोंगरावर अभीर राजा ईश्वरसेन याच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने कुंभार, तेली वगैरेंच्या श्रेणींकडे पैसे ठेवले आणि त्यातून आजारी भिक्खूंना औषधपाणी मिळेल अशी सोय केली.

बंधु-भगिनींनो, इथे जरा थांबून विचार करा. परक्या देशातल्या माणसाने खोदून दिलेल्या टाक्यातले पाणी इथला भिक्खू पीत होता. परक्याने बांधलेल्या भोजनमंडपात बसून जेवत होता. कोणी विटाळ मानला नाही. आणि त्याच महाराष्ट्रात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडला जाऊन चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. मधल्या काळात काय बिघडले, याचे उत्तर शोधणे म्हणजेच आपला इतिहास वाचणे होय.

विणकरांवर ठेवलेला विश्वास

आता नाशिकच्या दहाव्या लेण्यातला लेख. हा मला सर्वात जवळचा, कारण तो विणकरांचा आहे.

क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) हा शक. म्हणजे तोही बाहेरून आलेल्या कुळातला. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली ही गोष्ट. त्याने लेणे 'चातुर्दिश संघाला', म्हणजे चारी दिशांनी येणाऱ्या भिक्खूंना दिले. जोडीला ३,००० कार्षापणांची कायम ठेव दिली. ही ठेव राजाच्या खजिन्यात किंवा सावकाराकडे न ठेवता गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. लेखात त्यांना 'कोलिक' म्हटले आहे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. आजच्या भाषेत पतपेढी आणि युनियन यांच्या मधले काहीतरी समजा.

हिशेब बघा कसा चोख आहे. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १,००० कार्षापण, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीचे व्याज महिन्याला २० आणि वर्षाला २४०. वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. वीस बारे दोनशे चाळीस! एक कवडी इकडे नाही, तिकडे नाही. दुसऱ्या ठेवीच्या व्याजातून भिक्खूंचा दुसरा किरकोळ खर्च. आणि हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे गावच्या सभेत, सर्वांसमोर जाहीर केला व फलकावर लिहून नोंदवला, असेही लेखात म्हटले आहे.

त्या काळी सगळे समान होते असे मी म्हणत नाही. याच उषवदाताने ब्राह्मणांनाही हजारो गाई दान दिल्याचे त्याचे लेख सांगतात. धंदे बहुधा बापाकडून मुलाकडेच जात. विषमता होतीच. मुद्दा एवढाच, की विणकर हा विश्वासाचा माणूस होता. राजघराण्यातला शक पैसे ठेवतो, विणकर व्याज देतात, आणि देशोदेशीचे भिक्खू त्यातून चीवर घेतात. तिघांच्या भाषा, कुळे, रीती वेगवेगळ्या; त्यांना बांधणारी गोष्ट म्हणजे उघड हिशेब आणि दिलेला शब्द.

शिकायला आलेले परदेशी

शिक्षणाचेही तसेच. चीनमधून फाहियान इ. स. ३९९ साली निघाला तो विनयाचे ग्रंथ मिळवायला. उत्तर भारतात त्याला अडचण आली. इथले आचार्य सर्व तोंडपाठ शिकवीत, लिहिलेली पोथीच मिळेना. चीनमध्ये कागदावरच्या अक्षराला मान, तर आपल्याकडे पाठांतराला. हाही संस्कृतीचा फरकच. मग तो पाटलिपुत्रात तीन वर्षे राहिला, भाषा शिकला आणि ग्रंथ उतरवून घेतले.

सातव्या शतकात ह्युएन त्संग आला. नालंदेत त्याला आचार्य शीलभद्र यांच्याकडे शिकायला मिळाले. तिथे दारावरच प्रश्न विचारून परीक्षा घेत आणि दहातले सात-आठ जण परत जात, असे तो लिहितो. परीक्षा ज्ञानाची होती. तो देशोदेशीचा, परक्या भाषेचा माणूस असूनही आत गेला आणि मोठा आचार्य म्हणून मान पावला. नालंदेत बौद्ध ग्रंथांबरोबर वेद, तर्कशास्त्र, व्याकरण, वैद्यकही शिकवीत. दुसऱ्याचे मत खोडायचे असेल तरी आधी ते नीट शिकावे लागते, ही तिथली रीत. हा प्रवासी आपल्या महाराष्ट्रातही आला होता. इथे शंभराच्या वर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याचे त्याने नोंदवले. इथली माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असा त्याचा अनुभव!

त्याच्यानंतर आलेला इत्सिंग अधिक व्यवहारी. तो वाटेत सुमात्रा बेटावर श्रीविजय येथे सहा महिने थांबून संस्कृत व्याकरण शिकला. भारतात जाणाऱ्या चिनी भिक्खूंनी आधी तिथे वर्ष-दोन वर्षे राहून तयारी करावी, असा सल्ला त्याने लिहून ठेवला. परक्या भाषेत शिकायचे तर पायरीपायरीने चढावे लागते, एकदम उडी मारून चालत नाही. आज मुलाला इंग्रजी शाळेत टाकून घरी कोणीच त्याच्याशी चार शब्द बोलत-वाचत नाही, अशा पालकांनी इत्सिंगाचे ऐकावे.

गिरणीतला धागा

आता एकदम मुंबईत येऊ. कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला गिरणी सुरू झाली. यंत्रे लँकेशायरची, मालक पारशी, पुढे गुजराती आणि इतरही, वरचे साहेब इंग्रज, आणि कामगार रत्नागिरी-सातारा वगैरे मुलखांतले शेतकरी आणि आमचे गावकुसाबाहेरचे लोक. पुढे तेलंगणातले पद्मशाली आणि उत्तरेकडचे मुसलमान विणकरही साच्यांवर आले.

साहेबाची भाषा कामगाराला कळत नव्हती आणि कामगाराची साहेबाला. मधे उभा राहिला जॉबर, आमच्या भाषेत जाबर. तोच माणसे भरणार, तोच काम दाखवणार, तोच काढून टाकणार. तो आपल्या गावचे, आपल्या जातीचे लोक आणी. दस्तुरी घेई ती वेगळी. भाषेच्या दरीवर जो पूल बांधतो तो त्यावर जकातही बसवतो, हे आमच्या आजोबा-पणजोबांनी सोसले. कामगारांनी मात्र इंग्रजी शब्द आपले करून टाकले. लूमचा झाला साचा, शटल म्हणजे धोटा, बॉबिनची बाबीन, थ्रॉसलचे थ्रासल. साचेखात्यात तर आवाज इतका, की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. तिथे ओठांच्या हालचाली आणि हाताच्या खुणा हीच भाषा. तेलंगी, भय्या, कोकणी, घाटी सगळ्यांना ती चार दिवसांत यायची. मी स्वतः साचा शिकलो तो अशाच एका परप्रांतीय चाचांकडून. त्यांना मराठी धड येत नव्हती आणि मला त्यांची बोली. पण तुटलेली तार कशी जोडायची, हे त्यांनी बोट धरून शिकवले.

पण माझ्या आजोबांना हे शिकायला मिळाले नव्हते. का मिळाले नाही?

जुन्या धोट्यात नवीन कांडी घातली, की धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एका धोट्याला पाळी बदलली की दुसऱ्याचे तोंड लागणार. त्यामुळे सवर्ण कामगार म्हणत, अस्पृश्याची थुंकी लागलेला धागा आम्ही तोंडात घेणार नाही. या कारणाने आमच्या लोकांना विणाई खात्याचे दार बंद. पगार तिथे जास्त. आमच्या वाट्याला मुख्यतः रिंगखाते आणि इतर कमी पगाराची कामे. बऱ्याच गिरण्यांत पिण्याच्या पाण्याची सोयही वेगळी असे. आमचे वडील सांगायचे, की आजोबा ज्या गिरणीत होते तिथे पाणी वरून ओतत, आणि ते ओंजळीने पीत.

आता एक गंमत बघा, गंमत म्हणायची की दुःख ते तुम्हीच ठरवा. हाच धोटा अमेरिकेतही तोंडाने ओढत. तिथे लोकांच्या ध्यानात आले की यातून रोग पसरतात. म्हणून मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली कायदा करून असल्या धोट्यांवर बंदी आणली. तिथे प्रश्न धोट्याचा ठरला, आणि त्यांनी धोटा बदलला. इथे प्रश्न माणसाचा ठरला, आणि माणसालाच बाहेर ठेवले. क्षयाची भीती कोणाला वाटली नाही, विटाळाची वाटली. यंत्र दोन्हीकडे एकच, संस्कृती मात्र दोन. यात धंद्याचेही नुकसानच होते. ज्याच्या हातात कसब येऊ शकते, त्याला शिकूच द्यायचे नाही, यात कापड चांगले कसे निघणार?

बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐन संपाच्या धामधुमीत मांडला. १९२८ चा गिरणी संप एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने चालला. कामगारांच्या मागण्यांत अस्पृश्यांना विणाई खात्यात काम मिळण्याचा हक्क असला पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला. पुढारी मंडळी कामगारांच्या एकजुटीची भाषा बोलत होती. बाबासाहेबांचे म्हणणे सरळ होते. एकजूट हवी तर आधी हा धागा जोडा. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी सांगितले, की कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध झालेल्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट बरोबरीने उतरले. मतभेद होते, तरी प्रश्न समान असला की ते खांद्याला खांदा लावत.

काळाच्या ओघात धोटे बदलले, आमची मुले साच्यांवर आली. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर गिरण्याच एकामागून एक बसत गेल्या. ज्या खात्यात शिरायला तीन पिढ्या लागल्या, त्या खात्याच्या जागी आज काचेच्या इमारती आहेत. तिथे आत जायला आमच्या पोरांना पुन्हा एक नवी भाषा आणि नव्या रीती शिकाव्या लागतात.

बाबासाहेबांनी भाषा कशी वापरली

या बाबतीत बाबासाहेबांचे आचरण अभ्यासण्यासारखे आहे. कोलंबिया आणि लंडनला शिकलेला विद्वान, पण समाजाशी बोलायला त्यांनी १९२० साली 'मूकनायक' आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढले, ते मराठीत. जगाशी बोलायचे ग्रंथ इंग्रजीत लिहिले. पालीचा अभ्यास करून तिचे व्याकरण आणि शब्दकोश तयार करण्याचे काम हाती घेतले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढून १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. नोकरी सांभाळून शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस आठवा. दीक्षा देणारे महास्थवीर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातले. त्रिशरण-पंचशील पालीत. आणि त्यानंतर लाखोंच्या समुदायाला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा मराठीत! एकाच व्यासपीठावर ब्रह्मदेश, मगध आणि महाराष्ट्र एकत्र आले. खेड्यातून आलेल्या अडाणी बाईलासुद्धा आपण काय सोडतो आहोत आणि काय स्वीकारतो आहोत, हे तिच्या भाषेत कळले.

आपल्या विहाराने काय करावे?

इतिहास नुसता अभिमान मिरवायला नसतो. वर्धापनदिनी स्वतःलाही चार प्रश्न विचारले पाहिजेत.

एक : आपली मुले पाली गाथा सुरात म्हणतात, पण अर्थ विचारला तर गप्प बसतात. दर रविवारी एका गाथेचा अर्थ मराठीत सांगावा. आपल्या वस्तीत आता हिंदी बोलणारी, नेपाळकडची कुटुंबेही आली आहेत. त्यांतले कोणी वंदनेला आले तर त्यांच्यासाठी हिंदीतही सांगावा.

दोन : विहाराचा जमाखर्च दरवर्षी सभेत मोठ्याने वाचावा आणि फळ्यावर लावावा. गोवर्धनच्या विणकरांनी हे करून दाखवले आहे. पैशावरून जितकी मंडळे फुटली, तितकी विचारावरून फुटली नसतील.

तीन : विहाराची एक खोली अभ्यासिकेसाठी असावी. ज्याला नोकरीच्या मुलाखतीचे, इंग्रजीचे, संगणकाचे कळते अशा तरुणाने ज्याला कळत नाही त्याला शिकवावे. ज्याच्या मागे कोणी नाही, त्याला हात द्यायला कोणी जाबर नको, भाऊ पाहिजे. त्यावर दस्तुरी घेऊ नये.

चार, आणि हे सर्वात कडू : आपण विटाळाच्या विरोधात लढलो, पण 'कोकणातले' आणि 'घाटावरचे' हा भेद आपल्यातच अजून आहे. सोयरीक जुळवताना जिल्हा विचारला जातो, पोटजात विचारली जाते. मातंग किंवा चर्मकार समाजातला बांधव विहारात आला तर त्याला पहिल्या रांगेत बसवतो का? ज्याने धोट्याचा धागा नाकारला त्याला आपण दोष देतो; मग आपणही कोणाचा धागा नाकारीत नाही ना, हे तपासायला नको का? भांड्याला टोप म्हणा नाहीतर भगुनं म्हणा, आत शिजणारे अन्न सर्वांना सारखेच मिळाले पाहिजे.

त्रिरश्मीवरचा तो लेख 'चातुर्दिश संघा'साठी आहे. चारी दिशांनी जो येईल त्याच्यासाठी. आपल्या विहाराच्या दारावरही हीच दोन अक्षरे मराठीत लिहावीत, असे मी कार्यकारिणीला नम्रपणे सुचवतो आणि माझा लेख इथे संपवतो.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम! नमो बुद्धाय!